काळी काच

"अंकल, मेलेल्या माणसाला कुठली लेन्स लागते?"

कॅमेऱ्यांच्या दुकानात त्या वेळी एकच गिऱ्हाईक होतं. दातांचा डॉक्टर, शौक नवा नवा लागलेला, आणि मघापासून दोन ट्रायपॉडचे पाय उघडून-मिटून त्याने काउंटरमागच्या हुआतचं डोकं खाल्लं होतं. प्रश्न कानावर पडताच त्याने हातातला पाय हळूच मिटला, "मी नंतर येतो" म्हणाला आणि चालता झाला. पितरांचा महिना चालू होता. पाताळाचं दार उघडं, उपाशी भुतं पिनांग बेटाच्या गल्लीबोळांत मोकाट सुटलेली. असल्या दिवसांत असली चौकशी ऐकायला कोण थांबतंय!

हुआतने मान वर केली. समोर ग्वात इम उभी होती. गेलेल्या बून खेंगची बायको.

"वहिनी, बसा. कॉफी सांगतो."

"बसायला नाही आले, कामाला आले." तिने हातातली कापडी पिशवी काउंटरवर ठेवली. "कबरी झाडायच्या सणाला मी त्याला कॅमेरा जाळून पाठवला. त्या कागदी सामानवाल्या आ लाईकडून करून घेतला, चांगला जाड पुठ्ठ्याचा. घर पाठवलं, मोटार पाठवली, त्याचं काही बोलत नाही मेला. कॅमेऱ्याचीच तेवढी तक्रार. सारखा स्वप्नात येतो. दारात उभा राहतो आणि म्हणतो, इम, सगळं काळं येतंय."

"काळं?"

"सगळे फोटो काळे म्हणे. मी म्हटलं, अरे बाबा, तिकडे उजेडच नसेल. तर नुसती मान हलवतो." तिने आवाज खाली आणला. "भिजलेला असतो हो, अंकल. पँटमधून पाणी गळत असतं. सकाळी उठले की मी आधी दारातली फरशी बघते."

फरशी ओली असते की कोरडी, हे हुआतने विचारलं नाही. विचारायची छातीच झाली नाही.

तसा तो भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नव्हता. म्हणजे तसं तो म्हणायचा. पण या महिन्यात मागून कुणी नावाने हाक मारली तर वळूनही बघायचा नाही. उभा जन्म त्याने त्या काउंटरमागे काढला होता. फिल्मचे रोल विकले, फिल्म गेली, मग कार्डं विकली. लग्न केलं नाही, राहायचा बहिणीकडे. त्याच्याकडे स्वतःचा कॅमेरासुद्धा नव्हता. "कुणाचे फोटो काढू?" असं विचारून तो हसायचा. पण हौशी लोकांना त्याच्यासारखं समजावून सांगणारा बेटावर दुसरा नव्हता. उजेड म्हणजे भातातलं पाणी, तो म्हणायचा. तांदळावर बोटाचं पेर बुडेल एवढं घ्या. जास्त झालं की लापशी, कमी झालं की कच्चा. आणि पातेल्यात तांदूळ कसले आहेत ते आधी बघा, मग कॅमेरा सांगेल त्यावर विश्वास ठेवा.

बून खेंग त्याचा सगळ्यात लाडका आणि सगळ्यात हट्टी विद्यार्थी. सगळी नोकरी फेरीबोटीवर तिकिटं तपासण्यात गेली. निवृत्त झाला आणि दुपारभर या दुकानात येऊन बसायला लागला. एकदा त्याने भिंतीवरचा एक फोटो बघितला. समुद्र होता, पण लाटा नव्हत्या. सगळं पाणी धुक्यासारखं निवांत पसरलेलं. हा कसा काढतात ते सांगितल्याशिवाय हलणार नाही म्हणाला. हुआतने सांगितलं. काळी काच मिळते, इतकी काळी की तिच्यातून काही म्हणता काही दिसत नाही. आधी कॅमेरा ट्रायपॉडवर नीट लावायचा, मग लेन्सवर ती काच फिरवून बसवायची आणि शटर काही मिनिटं उघडं ठेवायचं. लाटा येतात-जातात, फोटोत नुसतं धुकं उरतं.

"दे ती काच," बून खेंग म्हणाला होता. "आयुष्यभर या पाण्याने मला हलवलंय, हुआत. एकदा तरी त्याला गप्प बसलेलं बघू दे."

आणि हुआतने दिली. चिनी नववर्षानंतर एका पहाटे उत्तरेकडच्या खडकांवर बून खेंगचा पाय घसरला. प्रेत दोन दिवसांनी कोळ्यांना सापडलं. ट्रायपॉड मात्र खडकावर जागचा हलला नव्हता.

त्यानंतर हुआतने शोकेसमधल्या होत्या नव्हत्या तेवढ्या काळ्या काचा काढून तळाच्या खणात कोंबल्या. कुणी मागितलीच तर "संपल्या" म्हणायचा. मालक बडबडला, ते त्याने ऐकून घेतलं. अंत्यविधीला गेला होता, पण ग्वात इमच्या डोळ्याला डोळा भिडवणं काही त्याला जमलं नव्हतं. आज ना उद्या ती येणार आणि विचारणार, हे त्याच्या मनाने धरूनच ठेवलं होतं.

"हा बघा," म्हणत तिने पिशवीतून कॅमेरा काढला. खरा, बून खेंगचा. "आ लाईला हाच दिला होता नमुना म्हणून. म्हटलं, हुबेहूब कर बाबा, नाहीतर ओळखायचा नाही. आ लाईचा हात म्हणजे काय सांगू! बटणन् बटण केलं. पट्ट्यावरचा डाग केला. ही पुढची काळी काचसुद्धा केली. काळा कागद गोल कापून चिकटवला, वर चकाकी दिली."

हुआत बघतच राहिला. लेन्सच्या तोंडावर ती काच जशीच्या तशी होती. कडेला मिठाची पांढरी रेघ धरलेली. त्या पहाटेपासून तिला कुणी हातच लावला नव्हता. आणि आ लाई बिचारा काय जाणे? त्याने दिसलं तसं केलं आणि देऊन टाकलं.

तो स्टुलावर बसला.

"वहिनी, ही काच कॅमेऱ्याची नाही. वरून लावतात. हिच्यातून काही दिसत नाही. मीच विकली होती ती त्याला. तो खडकावर एवढा वेळ उभा राहिला, तो हिच्यामुळेच."

बोलून टाकलं आणि तो मान खाली घालून बसला. आता ती काय म्हणेल ते म्हणो.

ग्वात इमने काचेकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. मग तिने तोंडावर हात ठेवला.

"अगं बाई! म्हणजे मीच त्याला डोळे बांधून पाठवला की!"

"नाही, वहिनी, मी काय म्हणतोय..."

"चार महिने तो तिकडे आंधळ्यासारखा चाचपडतोय, आणि मी इथे त्याला शिव्या घालतेय, की तुला काही आवडतच नाही म्हणून." तिचे डोळे भरून आले. "काढा. आधी काढा ती."

हुआतने काच पकडली आणि फिरवली. हलेना. मिठाने घट्ट धरलं होतं. रबराचा हातमोजा घातला, तरी नाही. मग त्याने खणातून पाना काढला, दोन वाकड्या प्लास्टिकच्या पट्ट्यांचा, अडकलेल्या काचा काढायचाच असतो तो. कडेला पट्ट्या चढवल्या आणि जोर केला. काच एवढीशी सरकायची आणि परत जागेवर यायची. हुआतच्या मानेवर काटा आला. त्याने अशा शेकडो काचा काढल्या होत्या. मीठ चढलेली कडी कशी अडते ते त्याच्या हाताला ठाऊक होतं. हे तसलं नव्हतं. पलीकडून कुणीतरी धरून ठेवावी तसं होतं हे.

त्याने पाना सोडला. कपाळावरचा घाम पुसला. ग्वात इमला कळलं असावं. ती काउंटरवर वाकली, लेन्सच्या अगदी जवळ तोंड नेलं, आणि हट्टी पोराला बोलावं तसं म्हणाली, "सोड रे. पुरे झालं आता. पाणी काही गप्प बसत नसतं. सोड."

हुआतने पुन्हा हात घातला. कर्र आवाज झाला, मीठ भुरभुरलं, आणि काच फिरली.

तिने कॅमेरा ओढूनच घेतला आणि डोळ्याला लावला.

"दिसतंय!" ती म्हणाली. "तुमचं पोट दिसतंय, अंकल."

दोघंही हसले. हसता हसता तिने डोळे पुसले आणि विचारलं, "यात शेवटचा फोटो आहे ना? पोरगा म्हणाला, नुसतं धुकं आहे, बघू नकोस. मला बघायचाय."

हुआतचा धीर होत नव्हता. पण नाही कसं म्हणणार? त्याने दुकानातली बॅटरी घातली आणि फोटो लावला.

काळे खडक, अगदी धारदार. आभाळात पहाटेचा उजेड. आणि खाली समुद्र, पेजेसारखा पांढरा, एक लाट नाही की सुरकुती नाही. उजेड कसा नेमका बसला होता! इतक्या वर्षांत बून खेंगला एकदाही जमला नव्हता तसा. हुआतच्या तोंडून शाबासकीच निघायची, ती त्याने गिळली.

ग्वात इमने पडदा डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आडवा केला.

"तो कुठाय यात?"

हुआतला उत्तर माहीत होतं. बून खेंग शटर मिटल्याबरोबर फोटो बघायला धावणारा माणूस. आणि कॅमेरा तर लावला तसाच सापडला होता. टायमरचं बटण दाबल्यावर त्याला कुणी हात लावलाच नव्हता. म्हणजे शटर उघडं असतानाच तो लेन्ससमोर त्या पाण्यात गेला होता.

"यातच आहे, वहिनी," तो म्हणाला. "पण दिसत नाही. शटर एवढा वेळ उघडं असलं की जे हलतं ते उमटत नाही. जागचं हलत नाही तेवढंच उमटतं."

तिने पडद्यावरच्या पांढऱ्या पाण्यावरून अंगठा फिरवला.

"म्हणजे हलत होता तो."

"हो."

"हातपाय मारत असणार. जन्म गेला बोटीवर, आणि पोहायला शिकला नाही."

हुआतने कॅमेरा बंद केला. रस्त्यापलीकडच्या देवळातून ढोलाचा सराव ऐकू येत होता. मग तिनेच पदर खोचल्यासारखं बोलणं सुरू केलं. आता दुसरा कॅमेरा पाठवायचा, आणि या वेळी आ लाईला काय काय सांगायचं ते हुआतने ठरवून द्यायचं. हुआत शोकेस उघडून बसला. चाळीस वर्षांत एवढ्या जबाबदारीने त्याने कुणाला काही निवडून दिलं नव्हतं.

"लेन्स साधीच. पुढे काही लावायचं नाही, त्याला सांगा, नुसती मोकळी. लेन्सला उन्हाची टोपी हवी. पट्टा रबराचा. बॅटऱ्या दोन."

"चार्ज कुठे करेल?"

"घर पाठवलंय ना? त्यात प्लग नाही काढला आ लाईने?"

"काढलाय, काढलाय. पंखासुद्धा आहे."

"मग झालं तर. काच पुसायचा कपडा. ट्रायपॉड..." तो थांबला. "ट्रायपॉड नको. आणि बूट सांगा. खाली काटे असलेले, न घसरणारे."

"बूट तुमच्या दुकानात मिळतात?"

"आ लाईच्या मिळतील."

"आणि ते सगळे आकडे? कशावर लावायचं? ऑटोवर ठेवायला सांगू?"

"ऑटो? चिडेल तो."

पण मग सांगायचं काय? तिकडचा उजेड हुआतने पाहिला नव्हता. खूप विचार करून, अंधारच असेल असं धरून तो म्हणाला, "आयएसओ सोळाशे. ॲपर्चर पूर्ण उघडं. शटर एकशेपंचवीस, म्हणजे सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग." आ लाईने ते कॅमेऱ्याच्या तबकडीवर रंगवायचं कबूल केलं.

पौर्णिमेच्या दिवशी चारच्या सुमाराला ग्वात इमच्या चाळीसमोर पत्र्याचं पिंप पेटलं. अगरबत्त्या, संत्री, वाफवलेली कोंबडी, बून खेंगची आवडती काळी बीअर. आ लाईने खरंच जीव ओतला होता. नवा कॅमेरा, त्याच्या शेजारी कागदी बूट, लेससकट. ग्वात इमने दोन्ही हातांनी ते आगीत ठेवले आणि नवऱ्याचं नाव घेऊन खणखणीत हाक मारली. नाव घेतलं नाही तर भटकी भुतं सामान पळवतात.

मग तिने हुआतला कोपराने ढोसलं. "आकडे तुम्हीच सांगा त्याला. माझं कधी ऐकलंय त्याने?"

हुआत अवघडला. शेजारपाजारचे बघत होते. तो खाकरला, आणि मग एकदम ओरडलाच.

"खेंग! काळी काच काढलीय! ऐकतोयस ना? सोळाशेवर ठेव! पूर्ण उघड! एकशेपंचवीस! आणि पाण्याकडे पाठ करून उभा राहू नकोस, गाढवा!"

शेवटच्या शब्दाला आवाज फाटला. तो तोंड फिरवून धुराला शिव्या देत डोळे पुसायला लागला.

पुन्हा वळून बघतो तर ग्वात इम पिंपाच्या अगदी समोर जाऊन उभी होती. तिने केस चापून घेतले होते, हात बाजूला सरळ सोडले होते.

"वहिनी, मागे व्हा, भाजेल."

"सारखा म्हणायचा, उभी राहा, एक काढू दे," ती ओठ न हलवता बोलली. "मला आपलं कायम काहीतरी चुलीवर असायचं. आता काढू दे."

"अहो, पण धूर..."

"मला बोलायला लावू नका. हललं की उमटत नाही म्हणालात ना तुम्ही?"

धूर सरळ तिच्या तोंडावर येत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पापणी लवत नव्हती. एकशेपंचवीसला एवढं थांबावं लागत नाही, डोळा मिटायच्या आत होऊन जातं, हे हुआतला माहीत होतं. त्याने सांगितलं नाही. कॅमेरा जळाला, बूट जळाले, राख उडून तिच्या केसांवर बसायला लागली, तरी ती तशीच उभी होती. हुआत तिच्या शेजारून हळूच बाजूला झाला, आपण फोटोत येऊ नये म्हणून.