चौदा नंबरचा डावा ब्रेक

मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे, मित्रांनो. माझा नंबर चौदा. अमेरिकेत सुपीरियर सरोवराकाठी डुलुथ नावाचं गाव आहे, तिथल्या एका रुग्णालयात मी एकोणीस वर्षं काम केलं.

कारखान्यात माझ्या नळ्या वाकवल्या गेल्या आणि त्यांवर निळं रेक्झिन ताणलं गेलं. पहिल्याच दिवशी कोणीतरी म्हणालं, "काय हलकी चालते!" ते कौतुक मला बरीच वर्षं पुरलं.

माझं काम एकच होतं. घरी निघालेल्या रुग्णाला वॉर्डातून मुख्य दारापर्यंत न्यायचं. चार मिनिटांचा रस्ता. पाय धडधाकट असले तरी दारापर्यंत खुर्चीतूनच जायचं, असा नियम होता.

"अहो, मी काल जिना चढलो!"

"चढलात ना? मग आता बसा. दाराबाहेर गेल्यावर हवं तर नाचा," बर्निस म्हणायची. ती स्वयंसेवकांच्या टेबलामागची सत्तरीची बाई.

मला ढकलणारी मुलं वैद्यकीय महाविद्यालयात जाऊ पाहणारी असत. डॉक्टर का व्हायचंय, हे त्यांना अर्जासोबत लिहून द्यावं लागे. मर्यादा पाच हजार तीनशे अक्षरांची, मोकळ्या जागा धरून. चादरींच्या खोलीत माझ्यावर बसून ती आपलं लिखाण मोठ्याने वाचून बघत. बहुतेकांच्या लिखाणात मी असे. मला ढकलता ढकलता कोणाला तरी जगण्याचा अर्थ कळलेला असे. माझा डावा ब्रेक सैल झालाय, हे मात्र कोणी लिहिलं नाही.

त्या मुलांपैकी टोवा लुंडीन हिला महाविद्यालयांकडून दोनदा नकार आला होता. तिसऱ्यांदाही आला, तर वडिलांच्या टायरच्या दुकानात बसायचं, असं तिने घरी कबूल केलं होतं.

एप्रिलमध्ये ती मिस्टर कोस्कींना खाली नेत होती. त्यांनी मालवाहू बोटींवर आचारी म्हणून उभी हयात घालवली होती.

"पोरी, ही बोट डावीकडे ओढतेय."

"माहितेय हो. ब्रेकही सैल आहे."

"मग कोणाला सांगितलंस?"

"सांगायचंय."

दाराबाहेर जरासा उतार होता. टोवाने दोन्ही ब्रेक लावले. माझ्या हातांवर भार देऊन म्हातारे उठले, डावा ब्रेक सुटला आणि मी मागे सरकले. ते फरशीवर पडले. मनगट मोडलं.

मला काही वाटलं नाही. मी लोखंडाची आहे. टोवालाही काही वाटलं नाही, आणि ती लोखंडाची नव्हती. अपघाताच्या कागदावर तिने 'रुग्णाचा तोल गेला' असं लिहिलं. मग हात धुतले आणि जेवायला गेली. मला पुन्हा रांगेत लावण्यात आलं.

महिन्याभराने ती चादरींच्या खोलीत माझ्यावर बसून वाचू लागली, "त्यांचा हात हातात घेतला तेव्हा माझे डोळे पाण्याने भरून आले…"

बर्निस चादरींच्या घड्या घालत होती. "रडलीस तू?"

"नाही."

"मग काय केलंस?"

"सँडविच खाल्लं."

"कसलं?"

"टर्कीचं."

"अख्खं?"

"अख्खं."

"सत्तावीस वर्षं या खोलीत मी डोळ्यांतलं पाणी ऐकतेय," बर्निस म्हणाली. "एवढं पाणी सरोवरात नाही गं."

टोवा हसली नाही. "त्यांचा तोल गेला नव्हता, बर्निस. ब्रेक सुटला. मला आधीपासून माहीत होतं."

बर्निसच्या हातातली घडी अर्धीच राहिली.

"हे लिहिलं तर कोण घेईल मला?"

"ते मला नाही ठाऊक. पण तू बसलीयेस त्याच खुर्चीतून आज सकाळी एक बाळंतीण गेली. मांडीवर दोन दिवसांचं बाळ होतं."

टोवा उठली. गुडघे टेकून तिने माझा ब्रेक लावला आणि चाक ढकललं. ते फिरलं. पुन्हा लावला, पुन्हा फिरलं. मग टेबलावरून एक पिवळी चिठ्ठी आणून तिने माझ्या हाताला बांधली: 'डावा ब्रेक धरत नाही. मला मार्चपासून माहीत आहे. टोवा लुंडीन.' तसंच जाऊन तिने अपघाताचा कागदही दुरुस्त करून दिला.

अर्ज पाठवायच्या दिवशी ती शेवटचं वाचायला आली. पहिली दोन वाक्यं माझ्या चिठ्ठीवरचीच होती. पाण्याचा उल्लेख कुठेच नव्हता. सँडविच होतं.

पुढे मला वापरातून काढलं; तळघरात ठेवायला बर्निस स्वतः आली होती. हिवाळ्यात ती एकदा जुने पडदे न्यायला खाली आली, तेव्हा सोबतच्या बाईला सांगत होती, "टोवाला सगळीकडून नकार. एकाच ठिकाणी मुलाखतीला बोलावलं. अर्धा तास त्या ब्रेकबद्दलच विचारत होते म्हणे." पुढचं ऐकू येण्याआधी दार लागलं.

मला कोणी दुरुस्त केलं नाही. चिठ्ठी अजून हाताला आहे. शाई फिकी झाली आहे, पण वाचता येते.

मित्रांनो, कधी कोणाला खुर्चीतून नेण्याची वेळ आली, तर आधी ब्रेक लावा आणि रिकामी खुर्ची ढकलून बघा. चाक फिरलं, तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगा. तेव्हा तुम्हाला काही वाटलं नाही, तरी सांगा.