बटणावरचा लाल ठिपका

मी एक जुना हेडफोन आहे आणि माझा राग अजून उतरलेला नाही. मित्रांनो, तुम्ही कानात खुपसता त्या बोंडांशी माझे नाते जोडू नका. माझ्या पोटात दोन जाळीदार पत्रे आहेत आणि त्यांच्यामध्ये केसाहून पातळ पडदा ताणलेला आहे. तो हलवायला शेकडो व्होल्टचा दाब लागतो, म्हणून मला खास माझ्यासाठी बनवलेलाच अॅम्प्लिफायर लागतो. तो नसेल तर मी मुका. तो असेल तर जे वाजेल ते जसेच्या तसे सांगतो, त्यात साखर घालत नाही. या एका सवयीने माझे वाटोळे केले.

कारखान्यात एका बाईने हातमोजे घालून, श्वास रोखून माझा पडदा ताणला. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती मला घरी आणणाऱ्या माणसाबद्दल.

तो पियानो जुळवणारा होता. शाळांत, सभागृहांत जायचे आणि पियानोच्या तारा किल्लीने ताणून सूर नीट लावायचे, हे त्याचे काम. काम झाले की तो खालपासून वरपर्यंत सगळे सूर वाजवून टेप करी आणि घरी येऊन चहा पीत माझ्यातून ऐके. एखादी तार हुकली असेल तर मी चुगली करायचो. दुसऱ्या दिवशी तो मुकाट्याने जाऊन ती सुधारून यायचा. "हा माझा तिसरा कान," असे तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे आणि मी फुशारून जाई. पुसताना अॅम्प्लिफायरचे आवाजाचे बटण फिरले की तो घर डोक्यावर घेई, म्हणून त्याच्या बायकोने नखाच्या रंगाने त्या बटणावर एक लाल ठिपका दिला. बटण नेहमी त्या ठिपक्यावर असायचे.

वीस वर्षांनी ते ठिपक्याच्या पुढे सरकू लागले. आधी जरासे, मग पाव फेरा, मग अर्धा. आणि एके दिवशी त्याने मला कानांवरून ओरबाडून काढले.

"हा किंचाळायला लागलाय," तो बायकोला म्हणाला. "वरचे सूर नुसते टोचतात."

"अहो, आवाज केवढा ठेवलाय! मला स्वयंपाकघरात ऐकू येतंय."

"आवाजाचा काय संबंध? अॅम्प्लिफायर म्हातारा झालाय."

म्हातारा कोण झाला होता ते मला माहीत होते, तिलाही माहीत होते. पण माझा इमानी जोडीदार माळ्यावर गेला आणि त्याच्या जागी एक सडपातळ, चकचकीत अॅम्प्लिफायर आला. आठवडाभर कौतुक झाले. मग त्याचेही बटण वर चढले आणि पुन्हा मीच किंचाळणारा ठरलो.

तेव्हा तो मला काखोटीला मारून एका दुरुस्तीवाल्याकडे गेला. तिथे एकामागून एक चार अॅम्प्लिफायर लावून पाहिले. शेवटचा जुन्या रेडिओसारख्या काचेच्या वाल्वचा होता, तापलेला आणि सुस्त.

"काका, यात वरचा आवाज दबतो," दुरुस्तीवाला म्हणाला. "कानाला बरं वाटतं, पण ते खरं नाही."

"मला खरं नकोय. मला टोचायला नकोय."

असे तो म्हणाला, मित्रांनो! ज्याचे पोट खऱ्या सुरावर चालत होते, तो माणूस! तोच वाल्वचा अॅम्प्लिफायर घरी आला आणि त्या दिवसापासून माझ्या तोंडात बोळा कोंबला गेला. वरचे बारीक सूर त्याला नीट ऐकूच येत नव्हते, म्हणून तो त्या तारा गरजेपेक्षा जास्त ताणू लागला होता. मी टोचत होतो त्यात निम्मी ती चुगली होती. आता चुगलीही बंद झाली. तो मजेत मान डोलवी आणि मी मनातल्या मनात त्याला शिव्या घाली.

शेवटी संगीतशाळेची बाई घरी आली. ती लहानपणी त्यानेच जुळवलेल्या पियानोवर शिकलेली.

"काका, रागावू नका. वरच्या दोन सप्तकांचे सूर चढलेत. मुलं चुकीचं शिकतायत. शाळा दुसरा माणूस बघतेय."

"माझं काम नासवायला निघालात होय!" तो कडाडला. "मी प्रत्येक टेप घरी ऐकतो! आणि बिघडला असेल तर हा बिघडलाय, हा!" त्याने मला टेबलावर आपटले. त्याची चीर माझ्या कडेला अजून आहे.

बायको उठली. ती शिडी लावून माळ्यावर चढली, जुना अॅम्प्लिफायर पदराने पुसत खाली घेऊन आली आणि मला जोडला. शाळेतल्या पियानोची टेप तिने लावली. आधी बाईने ऐकले.

"हा बरोबर सांगतोय, काका. सूरच चढलेत."

"द्या इकडे," म्हणून त्याने मला हिसकावून कानांवर चढवले. बायकोने बटण बरोबर लाल ठिपक्यावर आणले आणि तेच वरचे सूर पुन्हा लावले. मी जीव तोडून गात होतो. माझी पाठ उघडी असते, त्यामुळे दोन पावलांवर उभ्या असलेल्या त्या दोघींनाही ऐकू जात होते. तो मात्र एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला.

"लावा ना," तो म्हणाला. "कशाची वाट बघताय?"

बायकोने तोंड फिरवले. मला आनंद झाला, खोटे कशाला बोलू? उभ्या जन्मात मी एवढा खरा कधी ठरलो नव्हतो. पण दोघींचे चेहरे पाहून त्याला कळले, त्याने मला हळूच खाली ठेवले आणि माझा आनंद तिथेच विझला. मी जिंकलो होतो आणि मला ऐकणारा कुणी उरला नव्हता.

त्याने तारा ताणायची किल्ली बाईच्या हाती दिली. आता त्याच्या कानात डॉक्टरांनी दिलेले इवलेसे यंत्र असते. मी त्यावर बसलो की ते शिट्टी मारते, म्हणून मी कपाटात. मित्रांनो, एखादी वस्तू टोचू लागली तर ती बदलण्याआधी आपले कान तपासून घ्या. खरे सांगणाऱ्याला आपटू तर मुळीच नका. माझ्यासारखा माफ करत नाही.

कधीकधी दुपारी बायको मला बाहेर काढून आपल्या कानांवर चढवते, त्याच्या चांगल्या दिवसांतली एखादी टेप लावते आणि बटण ठिपक्यावर ठेवते. तो शेजारी बसून तिच्या चेहऱ्याकडे बघत असतो.

"वरचे सूर?" तो विचारतो.

"सगळे आहेत," ती ओरडून सांगते.