राग सोडून दुसरा शब्द

सत्यवान बोलायला उभा राहिला की दर्यासुद्धा कान देतो, असं त्याच्या वाडीत म्हणत. आचऱ्याच्या किनाऱ्यावर नारळी पौर्णिमेला नारळ सोडण्याआधी गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा. "बा दर्याराजा, म्हाराजा!" अशी त्यानं हाक दिली की अख्खी वाडी हात जोडून "व्हय म्हाराजा!" म्हणायची. कुणाची होडी, कुणाचं जाळं, कुणाचं आजारी पोर, सगळ्यांसाठी हा मागणार. घरात मात्र या गृहस्थाकडे एकच सूर. कढीत मीठ कमी, राग. पावणे उशिरा आले, राग. पावणे लवकर आले, तरी राग! बायको मथुरा म्हणायची, "देवाकडे गोड बोलतास नि माज्यार नुसते खेकसतास. मी काय घोडा मारलंय तुमचा?"

दोन हजार सहा सालच्या पौर्णिमेच्या आदल्या दिवशी त्याचा एकुलता मुलगा निकेत म्हणाला, "बाबा, मी गोव्यात कळंगुटाक हॉटेलात कामाक लागतंय. होडी माका जमूची नाय." सत्यवान काहीच बोलला नाही, आणि तेच वाईट झालं. घरात बोलायचं ते त्यानं दुसऱ्या दिवशी दर्यासमोर काढलं. होड्यांचं मागून झालं, पावसापाण्याचं मागून झालं, आणि मग त्याच दमात, त्याच सुरात तो म्हणाला, "आणि जो कोण बापाशीच्या होडयेक पाठ करून दुसऱ्याची ताटा धुवूक जाता, तेचो पाय वाटेतच आडव, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वाडी सवयीनं गरजली. कशाला हो म्हटलं ते लोकांना नंतर कळलं आणि माना वळल्या. निकेत तिथंच, गर्दीत उभा होता. नारळीभाताला हात न लावता तो दुपारच्या गाडीनं गेला.

थंडीत बातमी आली. गोव्याच्या वाटेवर, इन्सुलीच्या वळणावर गाय आडवी आली, मोटरसायकल घसरली आणि निकेतचा उजवा पाय मोडला. प्लास्टर घातलेला पाय घेऊन दुसरीकडे कुठं जाणार? आला घरी. पडवीत त्याची खाट पडली. बापाशी एक शब्द नाही. काही सांगायचंच झालं तर, "आये, तेंका सांग रेडियो बारीक करूक," आणि तो बाप हातभर अंतरावर बसलेला असायचा.

सत्यवानाला तो पाय बघवत नसे. मागितलं आणि मिळालं! बाकी इतकी वर्षं दर्याकडे किती मागितलं, त्यातलं निम्मं पदरात पडलं नाही, आणि हेच नेमकं ऐकलं गेलं? तोंडातून मात्र बाहेर पडायचा रागच. एकदा मथुरेनं नुसतं जेवायला हाक मारली तर पाण्याचा तांब्या भिरकावला मेल्यानं.

नेमक्या त्याच वेळी लिंडाबाई अंगणात शिरत होत्या. निकेतला चौथीपर्यंत शिकवलेल्या, आता निवृत्त झालेल्या बाई. तांब्या उचलून त्यांनी पायरीवर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी एक कोरी वही आणून दिली. "रोज सांजेक लिवा, सत्यवानानू. आज मनात काय इला ता. कोणाक दाखवू नकात. फक्त आठ दिसांनी मी एकदा बगतलंय."

आठ दिवसांनी बघितलं. 'आज राग इलो. आजय राग इलो. मीठ कमी, राग इलो.'

"हो काय हजेरीपट घातलास रागाचो?" बाई हसल्या, मग हसायच्या थांबल्या. "राग वयलो आसा. तेच्या बुडाक काय आसा ता बगा. आजपासून राग ह्यो शब्द बंद."

झालं! आता लिहायचं काय? सगळ्या गावाचं दुःख तोंडपाठ असलेला हा माणूस पेन्सिल चावत बसला. शेवटी हाताला जी एकच सुरुवात ठाऊक होती ती त्यानं लिहिली: 'बा देवा म्हाराजा.' आणि मग, आश्चर्यच, पुढचं आपोआप आलं. 'आज मथुरेन निकेताक न्हाऊ घातल्यान, माका हाक मारल्यान नाय. वाईट वाटला.' वाईट वाटला! किती साधा शब्द, पण उभ्या जन्मात त्याच्या तोंडून निघाला नव्हता. पुढं कधी 'लाज वाटली' आलं, कधी 'एकटा वाटला'.

आणि एका संध्याकाळी पौर्णिमेच्या आदल्या दिवसाचं लिहायला बसला. 'निकेत जातंय म्हणालो तेवा माका रा' एवढं लिहून खोडलं. मग लिहिलं, 'तेवा मी भियालंय.' त्याच्या डोळ्यांना तेव्हाच कमी दिसायला लागलं होतं, आणि होडीच्या दुसऱ्या टोकाला आता कोण बसणार, या भीतीनं त्या दिवशी त्याची जीभ सुटली होती. 'भियालंय' एवढंच म्हटलं असतं तर? पोर राहिलं असतं की नाही ते देवाला ठाऊक, पण त्याच्या पायावर बापाची जीभ तरी पडली नसती. सत्यवान वही मिटून रडला.

मथुरेनं त्याच आठवड्यात सांगितलं, "सोमवारी प्लास्टर काढतले. मगे जातलो तो. परत ह्या घरात पाय ठेवूचंय नाय म्हणता."

रविवारी जेवणं झाल्यावर सत्यवान पडवीत आला. वही आत ठेवली, गाऱ्हाणं कुणी वाचून घालत नाही. खाटेसमोर उभा राहून त्यानं हात जोडले. निकेतनं तोंड भिंतीकडे केलं.

"बा देवा म्हाराजा," सत्यवानाचा आवाज फाटला. "ह्या बापाशीन भर किनाऱ्यार आपल्या झिलाचा वाईट मागल्यान. मागूक नको होता. ता मागणा परत घेतंय, रे म्हाराजा."

आज मागं 'व्हय म्हाराजा' म्हणायला वाडी नव्हती. दारात मथुरेनं तोंडाला पदर लावला.

"तेका वाटला बापूस रागान बोललो. रागान नाय, म्हाराजा. झिल गेलो तर होडयेर माज्यासमोर कोण बसतलो, ह्या भियान बोललंय. तेच्या कामाची माका लाज नाय. तेका बरो ठेव, कळंगुटाक ऱ्हवांदे, पण बरो ठेव."

निकेत हळूहळू वळला. डोळे लाल झाले होते.

"बाबा," किती महिन्यांनी त्यानं ती हाक मारली होती, "माका सगळ्यात जास्त काय लागला, ठावक आसा? त्या दिवशी सगळ्यांपेक्षा मोठ्यान 'व्हय म्हाराजा' मीच म्हटलंय. ल्हानपणापासून तुमच्या मागसून म्हणतंय. तुम्ही मागतास ता बराच आसतला, ह्या धरून."

सत्यवान खाटेशी जमिनीवर बसला. जोडलेले हात सोडायचंही त्याला सुचेना.

निकेतनं प्लास्टरचा पाय सावरला आणि उठून बसला.

"व्हय म्हाराजा," तो हळूच म्हणाला.