आम्ही कुणाला पाडलं नाही

मी एक म्हातारी पाणअस्वलीण आहे. मित्रांनो, नाव ऐकून घाबरू नका. या वाक्याच्या शेवटी जे टिंब आहे, त्यात मी सहज मावेन. मला आठ पाय आहेत, पायांना नख्या आहेत आणि शेवाळाचा रस पिऊन मी जगते. तुम्ही ज्याला घाण म्हणता, ते आमचं रान आहे.

आमचं रान एका नळ दुरुस्त करणाऱ्याच्या दारात, खालच्या दगडी पायरीवर होतं. सगळ्या वस्तीचे नळ नीट करणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या दारातला नळ मात्र कायम टपटपत असे. त्या थेंबांवर शेवाळ मखमलीसारखं वाढलं. पानापानांत पाणी साचे. त्यात दोऱ्यासारखे जंत वळवळत, तोंडापाशी चाक फिरवून घास ओढणारे शेजारी राहत. मी तिथेच कात टाकली आणि त्या कातेतच अंडी घातली.

एके सकाळी नळवाल्याची आई भरली बादली घेऊन उतरताना घसरली. तिचं मनगट मोडलं. नळवाला चवताळला. तारेचा ब्रश घेऊन त्याने आमचं रान खरवडून काढलं. माझी कितीतरी लेकरं त्या ब्रशाखाली गेली. ते मी विसरलेले नाही. आम्ही कुणाच्या पायाखाली आलो नव्हतो, पाय आमच्यावर आला होता.

मग त्याने आईलाही फर्मावलं, "आता तू खाली उतरायचं नाही. वरच बसून राहायचं."

आई प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन दारात बसली होती. ती म्हणाली, "नळ गळतो तुझा. पडले मी. खरवडलंस याला. आणि वर मलाच डांबून ठेवणार?"

"तुझ्या भल्यासाठीच सांगतोय."

"भलं करायचंय तर वायसर बदल."

"लग्न झाल्यापासून मी तेच सांगतेय," आतून सून म्हणाली.

नळवाला गुपचूप पान्हा घेऊन आला. टपटप थांबली.

खरवडलेलं शेवाळ सुपलीत भरून ठेवलं होतं. आईने त्यातला एक हिरवा तुकडा उचलून कानतुटक्या कपात घातला. त्यात मी होते. कप खिडकीत ठेवला खरा, पण हाताच्या दुखण्यात ती त्याला विसरली. शेवाळ कडकडीत वाळलं. मी पाय आत ओढले, अंगातलं पाणी सोडलं आणि पिंपासारखी आक्रसून पडले. मधले दिवस कसे गेले, मला ठाऊक नाही.

प्लास्टर निघाल्यावर हाताला सवय व्हावी म्हणून आई पाण्याचा पेला उचलू लागली. एकदा तिला खिडकीतला कप आठवला आणि तिने त्यात पाणी ओतलं. निम्मं बाहेर सांडलं, निम्मं आमच्यापर्यंत पोचलं. मी फुगले. एक पाय बाहेर आला, मग दुसरा.

"आई, ते केव्हाच मेलंय," नळवाला म्हणाला.

"तू मलाही असंच मोडीत काढलं होतंस," आई म्हणाली. कप छातीशी धरून, भिंतीचा आधार घेत ती एकेक पायरी उतरली आणि सावलीतल्या कठड्यावर तिने आम्हाला ठेवलं. नळवाला तिला सावरायला हात पसरून तिच्या मागे उभा होता. तिने वळून पाहिलंही नाही.

मित्रांनो, आम्हाला दया नको. पायरी तुमची, ती खुशाल घासा. पण कुठल्या कोपऱ्यातल्या दगडावर, झाडाच्या बुडाशी ब्रश उगारण्याआधी जरा वाकून बघा. दिसलो नाही, तरी आम्ही तिथे असतो. आणि ब्रश फिरवलाच, तर एवढं ध्यानात ठेवा: आमच्यातलं एक जरी वाचलं, तरी त्याला पाण्याची वाट बघता येते.