तिसऱ्या यंत्राचा मुक्काम

“चालतंय ना? मग चालू दे की बाई!” लिसेन्सियादो रादामेस यंत्रखोलीच्या दारात आडवे उभे राहिले. ते इस्पितळाच्या संगणक विभागाचे, म्हणजे आमचे, प्रमुख; ‘लिसेन्सियादो’ ही पदवीधराला लावायची उपाधी. पहिल्या सर्व्हर-कपाटाची वीजवायर माझ्या मुठीत होती आणि भर सकाळी, अख्खं इस्पितळ कामात असताना, मी ती उपटणार होते.

“वादळांचा हंगाम येतोय. मी नाही उपटली तर वादळ उपटेल.”

“अगं, सगळं दुहेरी घेतलंय! दोन कपाटं, दोन बॅटऱ्या, तारासुद्धा दोन-दोन. आई झाल्यापासून तुला जिथं तिथं भुतं दिसतात, यानेल्बा.”

ते खोटं नव्हतं. माझी लिआनी वेळेआधी, याच इस्पितळात जन्मली. काचेच्या पेटीबाहेर बसून मी तिचा एकेक श्वास पाहिला आहे. घरी अजूनही ती झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरते. तिथल्या नवजात कक्षातल्या बाळांचे डोस, छातीचे एक्स-रे फोटो, रक्ताचे अहवाल या दोन कपाटांत राहतात. एकात जे, तेच दुसऱ्यात. एक बंद पडलं तर दुसऱ्याने कारभार उचलायचा. पण समोरचं मेलंय की मधली तारच तुटलीय, हे दुसऱ्याला एकट्याला कळत नाही. दोघंही मालक होऊन बसले तर नोंदींची खिचडी. म्हणून एक तिसरं, छोटं यंत्र असतं. ते ज्याच्या बाजूने मत देईल, त्याने काम पुढे न्यायचं.

हे सगळं कागदावर. करून कुणीच पाहिलं नव्हतं.

शेवटी नवजात कक्षाच्या मुख्य नर्स दोन्या क्रिस्पिना, म्हणजे क्रिस्पिनाबाई, यांनी वरून रादामेसांना फोन केला. आवाज मलाही ऐकू आला. “उपटू दे तिला, रादामेस. डोस मी कागदावर उतरवून घेतलेत. बंदच पडायचं असेल तर आम्ही तयारीत असताना पडू दे!”

रादामेस बाजूला झाले. मी वायर ओढली.

पहिलं कपाट गप्प झालं. दुसऱ्याचे दिवे चालू होते, पंखे फिरत होते, पण त्याने कारभार उचलला नाही. तिसऱ्या यंत्राचं मत आलंच नाही. फोन वाजू लागले. “लाइट गेली का?” जिन्यात कुणीतरी ओरडलं. आमच्याकडे काहीही अडलं की पहिला संशय लाइटवर.

मी वायर परत लावली. सगळं ताळ्यावर आल्यावर तिसऱ्या यंत्राचा शोध घेतला, तर त्याला स्वतःचं शरीरच नव्हतं. पहिल्या कपाटाच्याच पोटात ते बसवलेलं होतं. कपाट गेलं की तेही जाणार.

रादामेस पालथ्या खोक्यावर बसले. “मीच बसवलं. जागा रिकामी होती… वेगळं यंत्र कशाला, म्हटलं.”

“आता हलवू,” मी म्हणाले.

अंगणापलीकडच्या औषधभांडारात एक जुना संगणक होता. त्याला वीज वेगळी, तार वेगळी. तिसरं यंत्र तिथे बसवलं. “भाडेकरू आणलास होय? घोरत नाही ना?” भांडारवाला म्हणाला.

पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच खोलीत उभे राहिलो.

“ओढ तू. मी देवाचं नाव घेतो,” रादामेस म्हणाले.

“आज तुम्ही ओढायची. मी खोलीतही नसणार.”

“म्हणजे? काही झालं तर?”

“वादळात मी इथे असेनच कशावरून? लिआनीला ताप असेल, पुलावर पाणी असेल. परत कसं लावायचं ते तुमच्याकडून दोनदा करून घेतलंय. ओढली की मला कळवा, बस्स.”

त्यांनी तळहात पँटला पुसले.

मी नवजात कक्षात गेले. दोन्या क्रिस्पिना पडद्यासमोर एका बाळाचा डोस बघत होत्या. माझ्या खिशात फोन थरथरला. रादामेसांचा निरोप: ओढली.

मी ते क्रिस्पिनांना सांगितलं नाही. त्यांनी पुढच्या बाळाचा फोटो उघडायला घेतला. पडदा क्षणभर अडला. माझाही श्वास अडला. मग इवल्या बरगड्या पडद्यावर उमटल्या. दोन्या क्रिस्पिनांनी चष्मा सारखा केला, फोटो पाहिला, सिरिंज भरली.

“काय गं पोरी, कधी ओढणार ती वायर तुम्ही लोक? मला पोरांची दुपटी बदलायचीत. नुसती उभी राहणार असलीस तर हात धुऊन ये.”

मी बाह्या वर सारल्या आणि नळ सोडला.