चांगुणाबाईंनी पळवलेली शिडी

मी एक जुनी सागवानी शिडी आहे, मित्रांनो. पुण्यातल्या एका सुताराने मोडक्या दाराच्या चौकटींतून मला घडवलं आणि शाळेची दप्तरं शिवायच्या रामहरीशेठच्या कारखान्यात नेऊन उभं केलं. खाली शिलाई मशिनं, वर झोपायचा माळा, मधे मी.

कारागीर सगळे कर्जतकडचे. शहरात खोली परवडेना, म्हणून दिवसभर खाली शिवायचं आणि रात्री माझ्यावरून वर जायचं. माणूस मी तळपायावरून ओळखायची. फोनवर घरी भांडलेला दणादणा चढे; सुट्टी मिळालेला पायऱ्या गाळत उतरे. शेठ सगळ्यांना ऐकवत, "हिच्याइतकं भरवशाचं इथं कुणी न्हाई." टोमणा कुणाला, हे ज्याचं त्याला बरोबर कळे. माळ्यावरच्या त्या गप्पा, रेक्झिनचा वास, छताला आपटलेली डोकी... अजून आठवतं सारं.

पुढे बोळात टेम्पो शिरेना आणि नव्या कारागिरांना पाठ टेकायला जागा उरेना. शेठनी अख्खा कारखाना उचलला आणि कर्जतजवळ मोकळ्या रानात आणला. चहूकडे एवढी जागा, तरी शेडमध्ये माळा बांधलाच! सवय, दुसरं काय?

पण आता संध्याकाळ झाली की सगळे मोटरसायकली काढून घरी पळत. माझ्या पायऱ्यांवर धूळ बसली. वर चढायचे ते एकटे आसाराममास्तर, आमचे जुने कारागीर. घर हाकेच्या अंतरावर, आणि हे माळ्यावर! "काम लई हाय," असं घरी कळवायचे. खरं कारण त्यांनी शेठना सांगितलं, ते मी ऐकलं.

"अठरा वर्सं पुन्यात गेली, शेठ. घरी गेलो की पाव्हण्याच्या कपात च्या देत्यात. मी आलो की पोरगी टीव्ही बंद करती. परक्यावानी वाटतं."

मला मेलीला बरंच वाटलं. निदान एक माणूस तरी माझ्या वाट्याला उरला होता.

शेठच्या पोटात काही राहत नाही; गोष्ट मास्तरांच्या घरी पोचली. एका संध्याकाळी मास्तर हातपाय धुवायला गेले आणि त्यांच्या पत्नी, चांगुणाबाई, शेडमध्ये आल्या. पदर खोचून त्यांनी मला सरळ खांद्यावर घेतलं.

"अवं वहिनी, शिडी कुठं निघाली?" शेठ उठलेच.

"घरी. तुमच्या मास्तरला पायजे आसंल तर येत्याल मागनं."

मास्तर धापा टाकत आले, तोवर मी घराच्या भिंतीला टेकलेली.

"चांगुणा, शिडी दे."

"आदी वर चढा. स्लॅबवर पाला साचलाय, झाडून काढा."

मास्तर चढले. थोड्या वेळाने वरून आवाज आला, "खराटा कुठं हाय?"

"न्हाणीच्या मागं. आज सांगितलं, उद्या इचारायचं न्हाई!"

त्यांची लेक पंकजा खराटा घेऊन माझ्यावरून सरसर वर गेली. तिचं सुरू झालं, "पप्पा, कोपरा ऱ्हायला! पप्पा, आसं न्हाई, वाकून झाडा!" मास्तर वाकून झाडू लागले. त्या रात्री ते घरीच झोपले, आणि त्यानंतर रोजच.

मित्रांनो, माझी एक पायरी आता खिळखिळी झाली आहे. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल तर तिला पावसात टाकू नका, अधूनमधून तेल द्या. आणि फार दिवसांनी कुणी घरी परतलं, तर त्याची नुसती सरबराई करू नका. त्याला घरातलं एखादं काम सांगा, आणि चुकलं तर हक्काने रागवा.