भट्टीची वही

"तुला कागद स्कॅन करायला ठेवलंय की न्यायनिवाडा करायला? सख्ख्या पणजोबांचं नाव वगळायला लावलंस?"

बाबांनी बुटाची नाडी इतक्या जोरात ओढली की ती तुटून हातात आली. समितीचा फोन येऊन पाच मिनिटंही झाली नव्हती.

"ओरडू नका. खोटं नाही सांगितलं मी," तायडी म्हणाली.

ती काचेच्या कारखान्याची जुनी दफ्तरं स्कॅन करायची. आज तिथल्या फाटकापाशी मोठ्या संपातल्या कामगारांच्या नावांचा दगड बसणार होता. समितीनं हजेरीपत्रक बघून नावं ठरवली होती. संपाच्या दिवसांत ज्याचे रकाने कोरे, तो संपात. पणजोबांचे कोरेच होते. पण भट्टीवरच्या कामाची वही वेगळी असायची, ती कुणी उघडलीच नव्हती. तायडीनं उघडली. फाटकावर गोळीबार होऊन तीन माणसं गेली, त्या दिवशीही आत किती कोळसा टाकला ते नीट लिहिलेलं होतं. खाली पणजोबांची सही. तिनं समितीला कळवलं आणि दगडावरच्या त्या नावावर पट्टी चिकटवली गेली.

"सोळा दिवस, बाबा! बाहेर माणसं मरत होती आणि हे आत कोळसा ढकलत होते."

"एकोणीस," आजोबा म्हणाले.

इस्त्रीचा सदरा चुरगळू नये म्हणून ते सकाळपासून खुर्चीत पाठ न टेकता बसले होते.

"पहिले तीन दिवस सही दुसऱ्यानं केली. आत माझे वडील, तात्याच होते. मागच्या भिंतीवरून डबा मीच द्यायचो. आठ वर्षांचा होतो."

बाबा तुटकी नाडी बोटाला गुंडाळत राहिले.

तायडीचा आवाज खाली आला. "थंड झाली की भट्टी तडकते ना, आजोबा? सगळ्यांचंच काम गेलं असतं. म्हणून थांबले असतील."

"तसं ते मरेपर्यंत सांगायचे."

"मग?"

"घाबरले होते गं. दुसरं काही नाही."

"मग दगडावर नाव कशाला येऊ दिलंत तुम्ही?"

आजोबांनी बाही सरळ केली. ती सरळच होती.

"वाटलं, दगडावर का होईना, एकदा तरी बाकीच्यांबरोबर बाहेर उभे राहतील."

तायडीनं मोबाईल हातात घेतला, समितीचा नंबर काढला आणि तसाच बघत बसली.

"राहू दे. बरोबर केलंस," आजोबा म्हणाले.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. आजोबा खुर्चीच्या हाताला धरून उठले.

"आता कशाला जाताय, अण्णा?" बाबा म्हणाले. "नाव तर नाहीये. तिथं काय बसून राहणार?"

"त्या तिघांपैकी एकाचा मुलगा येणारे. शाळेत माझ्याच बाकावर बसायचा. नंतर कधी समोरून येताना दिसला, की मी गल्ली बदलायचो." त्यांनी चपला पायात सरकवल्या. "चला, निघायला हवं मला."